मागच्या दोन रांगा

२८ जानेवारी २०२५, मंगळवार

'चित्रकुटी' पाडणार. आज सकाळी स्नेहल येऊन सांगून गेली. पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत तिच्या आजोबांनी, बापूसाहेबांनी, उभं केलेलं एकशेचाळीस खुर्च्यांचं ते थिएटर. तिथे आता भक्तनिवास होणार. कुंभमेळा जवळ आला आहे, जागेला मागणी आहे, आणि घरात थिएटर चालवणारं कोणी उरलं नाही. पोरगी खाली मान घालून सांगत होती.

मी चिडलो, आणि चिडलो की बोलतो. ज्या गावाला आपली देवळं मोजता येत नाहीत त्याला एक पडदा जड झाला, असं काहीतरी बोललो. चांगली दहा मिनिटं. मंजुषा स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, ती चहा प्यायला आली आहे. सभेला नाही."

तेवीस फेब्रुवारीला, रविवारी, शेवटचा खेळ. त्या दिवशी स्मरणिका निघेल. लोकांनी आठवणी लिहून पाठवल्या आहेत, त्या मी तपासायच्या. सुरुवातीला माझा 'दावं' हा लेख पुन्हा छापायचा आहे. खेळाआधीचं भाषणही माझंच. सत्तावीस वर्षं तिथे प्रत्येक चित्रपटाआधी मी बोललो आहे. मी हो म्हणालो. दुसरं कोण बोलणार?

३० जानेवारी, गुरुवार

दिवसभर 'चित्रकुटी'च डोक्यात.

रिळं पुण्याहून एसटीच्या पार्सलने यायची. गोटीराम ऑपरेटर ती सायकलला बांधून आणायचा आणि शनिवारी दुपारी रिकाम्या थिएटरात एकदा चालवून बघायचा, कुठे जोड सुटला आहे का म्हणून. रविवारी सकाळी दहाला खेळ. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात शिवण होती. कोणत्याही देशाचा नट तिथून चालत गेला की त्याच्या गालावरून एक वण सरकत जायचा. प्रोजेक्टर एकच, त्यामुळे रीळ बदलताना दिवे लावावे लागायचे. त्या दोन-तीन मिनिटांत बाजारातला कोथिंबीर-मेथीचा वास आत यायचा, घाटावरची घंटा ऐकू यायची, आणि आम्ही झोपेतून उठवलेल्या माणसांसारखे एकमेकांची नजर चुकवत बसायचो. अर्ध्या जगाची दुःखं मी त्या लाकडी खुर्चीत बसून पाहिली. पुस्तकांनी मला मतं दिली, पण दुसऱ्याच्या दुःखापुढे गप्प बसायला मला त्या खोलीने शिकवलं.

गप्प बसण्यावरून आठवलं. त्र्याण्णव साली मी तिथे केलेलं भाषण अजून लोकांच्या लक्षात असेल. तोवर मागच्या दोन रांगांत सतत कुजबुज चालायची. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "अंधारात बोलणारा माणूस दुसऱ्याचा उजेड चोरतो." सगळं थिएटर उभं राहून टाळ्या वाजवत होतं. बापूसाहेबांनी ते वाक्य पाटीवर रंगवून दाराशी लावलं. त्या रविवारपासून 'चित्रकुटी'त सुई पडली तरी ऐकू यायची. या गावाला मी दिलेली ती सर्वांत चांगली गोष्ट, असं मी नेहमी मानत आलो.

३ फेब्रुवारी, सोमवार

अडतीस पत्रं वाचली. निराशा झाली.

कोणी खुर्चीतल्या ढेकणांबद्दल लिहिलं आहे, कोणी गॅलरीतल्या कबुतरांबद्दल. माझ्या भाषणांबद्दल एक ओळ सापडली, तीही अशी: "आधी सरांचं भाषण असायचं, तेवढ्यात आम्ही भाजी घेऊन यायचो." मंजुषाला वाचून दाखवली, तर तिला हसू आवरेना.

दुसरी गोष्ट जास्त खटकली. सात पत्रांत 'सिंधुबाईंच्या रांगा' येतात. सिंधुबाई म्हणजे गोटीरामची बायको, दाराशी तिकिटं फाडायची. खेळ सुरू झाला की ती मागे जाऊन बसे आणि आजूबाजूच्यांना सिनेमाची गोष्ट सांगे. तीच ती कुजबुज! आणि लोक हे प्रेमाने लिहितात! सातही ठिकाणी मी तो मजकूर कापला. समासात लिहिलं, 'विषयांतर'.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज विंचूरहून नवनाथचं पत्र आलं. तिथे त्याचं कांद्याच्या खरेदी-साठवणीचं खळं आहे, कॉलेजला असताना तो दर रविवारी यायचा. त्याचं पत्र कापायला पेन उचललं आणि तसाच बसून राहिलो. इथे उतरवून ठेवतो.

"आमचं इंग्रजी कच्चं. खालची अक्षरं वाचून होईस्तोवर दुसरी यायची. म्हणून आम्ही मागच्या दोन रांगा धरायचो. तिथं सिंधुबाई मधल्या खुर्चीवर बसून हळू आवाजात गोष्ट सांगायच्या. फुलं विकून आलेल्या बाया असायच्या, आमच्यासारखी खेड्यावरची पोरं असायची. एक सिनेमा अजून आठवतो. डोंगरातली एक म्हातारी विकलेल्या गाईच्या मागे तीन गावं चालत जाते. पुढच्या रांगांतले लोक म्हणत होते, म्हातारीला वेड लागलंय. सिंधुबाई म्हणाल्या, वेड नाय, तिचं दावं राहिलंय गाईच्या गळ्यात. गाय विकतात, दावं विकत नसतात."

हे शेवटचं वाक्य माझ्या लेखाचं शेवटचं वाक्य आहे.

'दावं' हा लेख मी एक्याण्णव साली लिहिला. त्या म्हातारीचं चालणं म्हणजे वेड, असं सगळे समीक्षक लिहीत होते. मी एकट्याने लिहिलं की ती फक्त दोर मागायला चालली आहे, कारण जनावर विकलं तरी गळ्यातलं दावं धनी परत नेतो. काय विकायचं आणि काय नाही याची शेवटची रेघ ती म्हातारी ओढते आहे, असं लिहिलं. त्या लेखाने पुण्या-मुंबईत माझं नाव झालं. पुस्तकाचं नावही मी तेच ठेवलं.

हे मला सुचलं कुठून? मंजुषाकडून. रविवारी जेवताना ती म्हणाली होती, "अहो, दावं कधी विकतात का?" मी हात न धुता उठून ते टिपून ठेवलं होतं. तिला माहेरचं आठवलं असेल, असं मी धरून चाललो. तिचं माहेर रविवार कारंज्यावर, दोन खोल्यांचं. तिथे गाय कुठे बांधणार होते?

इतकी वर्षं हा साधा प्रश्न मला पडला नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज विचारलं. मंजुषा वाल सोलत बसली होती.

'चित्रकुटी'त तू कुठे बसायचीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, मागे. मी म्हणालो, ते माहीत आहे, तुला लवकर उठून स्वयंपाकाला घरी यायचं असायचं म्हणून. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

"मला ती अक्षरं वाचून व्हायच्या आत जायची," ती म्हणाली. "तुमच्या शेजारी बसून करू काय? दर वाक्याला तुम्हाला विचारू?"

"विचारायचं की."

"एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, आधी नीट बघ, मग बोलू."

मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. तिने पुढची शेंग उचलली.

मी विचारलं, मग ते दाव्याचं? आणि बाकीचं? कारण दावं एकच नव्हतं. रविवारच्या जेवणात तिने सांगितलेल्या कितीतरी गोष्टी पुढच्या रविवारच्या माझ्या भाषणात असायच्या. आंधळा घड्याळजी बायकोच्या नावाने हाक मारत दार उघडतो, तेव्हा ती गेलेली असते हे त्याला आधीच ठाऊक असतं, हे. युद्धावरून आलेला मुलगा आईला ओळख देत नाही कारण त्याला आधी जेवायचं असतं, हेही.

"सगळं सिंधुबाईंचं," मंजुषा म्हणाली. "मी आपली ऐकलेलं घरी सांगायचे. तुम्हाला आवडायचं. तुम्ही ताट बाजूला सारून ऐकायचात, तेवढंच एक."

मला थांबायला हवं होतं, पण मी विचारलंच. मग यायचं का बंद केलंस?

"मी कुठे बंद केलं? तुम्ही बंद केलंत." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमचं ते भाषण झालं आणि सिंधुबाई गप्प झाल्या. पुढे तीन रविवार गेले मी. बाहुल्यांचा खेळ बघितल्यासारखं वाटायचं. मग नाही गेले."

वाल सोलून झाले. ती आत गेली.

८ फेब्रुवारी, शनिवार

आणखी एक आठवलं. लिहिलं नाही तर मी ते पुन्हा विसरून जाईन, म्हणून लिहितो.

दोन हजार साली महिला दिनाच्या व्याख्यानात मी म्हणालो होतो, "संसार बाईची जिज्ञासा कशी खातो ते पाहायला मला लांब जावं लागत नाही. माझ्याच घरी एके काळी जगातला सिनेमा जेवणाच्या ताटावर यायचा. आता मालिका येतात." सभागृह खूप हसलं. मंजुषा दुसऱ्या रांगेत बसली होती. तीही हसली होती.

त्या व्याख्यानाचा विषय होता 'तिचा आवाज'.

९ फेब्रुवारी, रविवार

कापलेले सातही मजकूर परत घेतले. 'विषयांतर' हा शब्द खोडायला बसलो, तर शाई कागदात मुरली होती. पानं पुन्हा लिहून काढली. त्र्याण्णवनंतरची माझी भाषणांची टिपणं काढून पाहिली. चांगली आहेत. सगळी पुस्तकांतून आलेली आहेत. सत्याण्णव साली एका वर्तमानपत्राने लिहिलं होतं की सरांचं बोलणं अलीकडे कोरडं झालं आहे. मी त्यांना चार पानी उत्तर पाठवलं होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मखमलाबादला जाऊन आलो. सिंधुबाई तिथे मुलाकडे असते. गोटीराम जाऊन सात वर्षं झाली. मुलगा संतोष फुलशेती करतो. ती ओट्यावर झेंडूच्या ढिगापुढे बसून खराब फुलं वेगळी काढत होती. कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे मला सगळं मोठ्याने बोलावं लागलं. शेजारच्या शेतातल्या बायाही ऐकत होत्या. बरंच झालं.

तिने मला लगेच ओळखलं. "बसा की सर. गोणी ओढून घ्या." चहा झाला. मंजुषाची चौकशी झाली. "बाईंना लय नाद व्हता. मधल्या सुट्टीत माझ्या खनपटीला बसायच्या, पुढं काय व्हतंय सांगा म्हून."

मी विचारलं, इंग्रजी तर तुम्हालाही येत नव्हतं, मग गोष्ट कळायची कशी?

ती म्हणाली, शनिवारी आमचे हे रीळ चालवायचे तेव्हा मी खाली एकटी बसायचे. बापूसाहेब कागदावर चार ओळी लिहून द्यायचे, त्या हे वाचून दाखवायचे. "बाकीचं मनानं. माणूस कुठलाबी आसला तरी भाकरी कशी मोडतो त्यावरनं कळतं का न्हाई?" दाव्याचं विचारलं तर तिला नवल वाटलं, यात विचारायचं काय. "आमच्या हरसूलकडं गाय इकली तरी दावं घरी आणत्यात. दावं दिलं म्हंजी गोठाच दिला. ती म्हातारी काय येडी नव्हती. येडी आसती तर गाय मागितली आसती."

माझ्या अकरा पानांत हे शेवटचं वाक्य नाही. असतं तर लेख आणखी चांगला झाला असता. हा विचार माझ्या मनात आला, तिच्यासमोर बसलेलो असताना आला, आणि खिशातल्या पेनाकडे हात गेला. हेही लिहून ठेवतो.

मग मी माफी मागायला सुरुवात केली. घरून वाक्यं जुळवून नेली होती. त्र्याण्णव सालचं भाषण म्हणताच ती मध्येच म्हणाली, "लय भारी झालं व्हतं ते. मीबी टाळ्या वाजवल्या."

"टाळ्या?" मी मोठ्याने विचारलं.

"तुम्ही बोलत व्हते चोरावर. मला वाटलं, सायकली जात व्हत्या ना तवा बाहेरून, त्यावर बोलत्यात. समदे उठले, मीबी उठले. घरी गेल्यावर हे म्हणले, आगं येडे, तुलाच चोर म्हणले ते." ती हसली. शेजारच्या बायाही हसल्या. "मग म्हणलं, आसंल बाबा. शिकलेल्या माणसाला कळत आसंल."

नंतरही तीन वर्षं ती तिकिटं फाडत होती. खेळ सुरू झाला की दार ओढून घ्यायची आणि बाहेर पायरीवर बसायची, त्याच पाटीखाली. आतून आवाज यायचा. कोण रडतंय, कुठे गाडी थांबली, तेवढ्यावरून ती गोष्ट जुळवायची.

"कुणाला सांगायच्या?" मी विचारलं.

"कुणाला सांगणार? माझी मलाच."

मी पुन्हा माफीचं वाक्य सुरू केलं. ते लांबत गेलं. मध्येच मला माझाच आवाज ऐकू आला, सभेतला, चढत जाणारा. सिंधुबाईने खराब फुलांची टोपली बाजूला सारली आणि म्हणाली, "आसू द्या सर. तुम्हाला लय बोलावं लागतं."

तेवीस तारखेला या, एवढं कसंबसं सांगून निघालो. रिक्षा मिळेपर्यंत बराच चाललो.

१६ फेब्रुवारी, रविवार

चार दिवस एकच काम. 'दावं' छापू नका असं स्नेहलला कळवलं, त्या जागी दुसरं देतो म्हणालो. कबुली लिहून काढली. नऊ पानं झाली. सकाळी वाचून पाहिली, चांगली वाटली. ज्ञानाचा अहंकार, भाषेची भिंत, पुढच्या आणि मागच्या रांगांचा इतिहास, सगळं आलं होतं. एका ठिकाणी माझेच डोळे भरले.

मंजुषाला वाचायला दिली. माझा मजकूर छापायच्या आधी तिने वाचावा असं मला आजवर कधी वाटलं नव्हतं. तिने चष्मा लावून सगळी पानं वाचली. घाई केली नाही. मग पेन मागितलं.

पहिलं पान खोडलं. दुसरं, तिसरं. सहाव्या पानावर एका ओळीभोवती गोल केला, आठव्यावर एका. बाकी सगळ्यावर आडवी रेघ मारली.

"हे खरं आहे," ती म्हणाली. "बाकीचं भाषण आहे."

मी वाद घातला. म्हणालो, पार्श्वभूमी लागते, लोकांना कळायला नको का? आणि भाषणात वाईट काय आहे? या नऊ पानांत मी माझी एकही चूक लपवलेली नाही.

"लपवली नाहीत. पण वाचून झाल्यावर तुम्ही फार मोठे वाटता हो."

आत जाऊन मी पानं पुन्हा वाचली. मला आवडलेली सगळी वाक्यं तिने खोडलेली होती. उरलेल्या दोन ओळी संध्याकाळी स्नेहलला पाठवल्या. तिचा फोन आला, सर, पुढचा मजकूर आला नाही. मी म्हणालो, पुढे मजकूर नाही. ती म्हणाली, आजी सांगायची मला सिंधुबाईंचं. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. बहुधा सगळ्यांनाच ठाऊक होतं आणि माझ्यासमोर कोणाला तोंड उघडता येत नव्हतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आत्ताच घरी आलो.

एकशेचाळीस खुर्च्या भरल्या होत्या, लोक भिंतींना टेकून उभे होते. नवनाथ विंचूरहून आला होता, टक्कल पडलेला. मंजुषा सकाळीच रिक्षा करून मखमलाबादला गेली आणि सिंधुबाईला घेऊन आली. स्नेहलने पहिल्या रांगेत मानाची खुर्ची ठेवली होती, शाल-नारळही होता. सिंधुबाईने शाल घेतली, नारळ पिशवीत टाकला आणि सरळ शेवटच्या रांगेत मधल्या खुर्चीवर जाऊन बसली. मंजुषा तिच्या शेजारी बसली. संतोष वर केबिनमध्ये होता, बापाचा प्रोजेक्टर त्याने दोन दिवस खपून चालू केला होता.

माझं नाव पुकारलं. टाळ्या वाजल्या. मी माइकपुढे उभा राहिलो आणि म्हणालो:

"'दावं' हा लेख माझ्या नावावर आहे, त्यातला विचार सिंधुबाईंचा आहे. त्या तो इथे अंधारात सांगत होत्या, आणि मी त्यांना गप्प केलं."

एवढंच. लोक वाट बघत राहिले. त्यांना वाटलं, ही सुरुवात आहे. तिसरं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. चांगलं होतं, त्याने सभा हातात आली असती. ते गिळायला मला जे कष्ट पडले ते इथे सांगता येणार नाहीत, कारण ते सांगणंही पुन्हा भाषणच होईल. मी खाली उतरलो. टाळी वाजली नाही. पुढच्या रांगेतल्या दोन जुन्या मित्रांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि मी खुर्चीकडे न जाता भिंतीला टेकून उभा राहिलो.

तेवढ्यात मागून सिंधुबाईचा आवाज आला. ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तसा, सगळ्या थिएटरला ऐकू जाईल असा.

"काय म्हणले सर?"

सगळे मागे वळले. मंजुषा तिच्या कानाशी वाकली आणि सांगू लागली.

मी दोनच वाक्यं बोललो होतो. मंजुषा सांगत राहिली. सिंधुबाईने मध्येच हळू आवाजात काहीतरी विचारलं, मंजुषाने हाताने खूण करत उत्तर दिलं. सिंधुबाईने एकदा तोंडावर पदर घेतला. ती हसली की आणखी काही, ते मी उभा होतो तिथून कळलं नाही. वर संतोष थांबला होता. कोणी शू केलं नाही. मग दिवे गेले, पडद्यावर पहिली चित्रं आली आणि तरी त्या दोघींचं चालूच होतं. मी कान देऊन ऐकायचा प्रयत्न केला. एकही शब्द माझ्यापर्यंत आला नाही.

पहिलं रीळ संपून दिवे लागले तेव्हा त्या शांत बसलेल्या होत्या, नीट पडद्याकडे बघत.

रिक्षात येताना मंजुषाने सिंधुबाईच्या गुडघ्यांबद्दल सांगितलं, संतोषच्या शेवंतीबद्दल सांगितलं. माझी दोन वाक्यं तिने कशी सांगितली, ते मी विचारलेलं नाही.